उंबऱ्यावरची छबू

वडापच्या जीपमधून उतरता उतरताच वन्संनी विचारलं, "कुठं हाय ती?"

"घरात. बेदाणे निवडतीया."

"अजून चावती का?"

"तुम्हाला न्हाई चावायची," मी म्हटलं. माझी खात्री नव्हती, पण त्या तिथूनच परत जीपमध्ये बसतील अशी मला भीती होती.

द्वारका माझी थोरली नणंद. नवरा वारलेला, मुलगे कमावते, घरात दोन सुना. सहा-सात वर्षांनी त्या आमच्या गावात पाय ठेवत होत्या. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली कळशी. तुमच्या गावचं पाणी खारं, असं त्या माझ्या लग्नात म्हणाल्या होत्या आणि अजून तेच धरून होत्या.

"ज्ञानबा कुठाय?"

"बोअरच्या गाडीवर. गाडी कर्नाटकात गेलीया. मला न्यायच्या दिवशी सकाळी येतो म्हणालेत."

"बरं हाय. बायकोचं पोट कापायची येळ आली आणि हा जमिनीला भोकं पाडत फिरतोय."

मी हसले. हसलं की ओटीपोटात ओढ बसायची, म्हणून मधेच थांबले. वन्संनी ते बघितलं. कळशी माझ्याकडं द्यायला त्यांनी हात पुढं केला होता, तो मागं घेतला आणि कळशी स्वतःच कमरेवर ठेवून चालू लागल्या.

माझ्या पिशवीला गाठ झाली होती. वर्षभर अंगावर जात होतं. बेदाण्याच्या शेडवर उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, मग खाली बसायचं, मालक बघायला लागला की उठायचं. मिरजेच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, पिशवी काढायलाच हवी, अंगात रक्त राहिलेलं नाही, आणखी थांबलात तर आमच्या हातात काही उरणार नाही. आठ-दहा दिवस दवाखान्यात राहायचं होतं. मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा सोडली. छबूला सांभाळायला कुणी नव्हतं.

छबू तेव्हा बारा-तेराची. अंगानं भरलेली, रंगानं बापासारखी उजळ. झोपलेली असली तर हिला काही झालंय असं कुणी म्हटलं नसतं. जागेपणी ती मोजके शब्द बोलायची. भाकरी, पाणी, नको, जा, आई. 'आई' ही मला मारलेली हाक नसायची. कुठं दुखलं की ती 'आई' म्हणायची. तोंडाकडं कधी बघायची नाही. माझ्या पदराच्या काठाकडं बघायची आणि त्यावरून मला ओळखायची, असं मला वाटायचं. डॉक्टर मतिमंद म्हणत, गावातले येडी म्हणत, सासूबाई होत्या तोवर नजर लागली म्हणत. स्वमग्न हा शब्द मला फार उशिरा भेटला. तोवर मी वाचायला शिकले होते, म्हणून तो माझी मीच वाचला.

तिचं हट्टानं वागणं आम्ही सोसत होतो. ताटात भाजी भाकरीला लागलेली चालायची नाही, एकच झगा अंगात लागायचा. पण एक गोष्ट मात्र सोसवत नव्हती. घरी आलेलं माणूस परत निघालं की ती उंबऱ्यावर जाऊन बसायची. दार लावू द्यायची नाही. जेवायची नाही, पाणी घ्यायची नाही, तिथंच कपडे ओले करायची. ओढून आत आणायला गेलं की असा आवाज काढायची, की गल्लीतली माणसं गोळा व्हायची. हाताला लागेल त्याला चावायची. कुणी सापडलं नाही तर स्वतःच्या मनगटाला चावायची. माझा भाऊ दिवाळीला आला होता. "येतो गं आक्का," म्हणून तो गेला, आणि दिवाळीचे पुढचे दोन दिवस मी उंबऱ्यापाशी तिच्या शेजारी बसून काढले. तिचा बाप कामावर निघाला की तर विचारायला नको.

सगळे म्हणायचे, हिला माणूस खपत नाही. माणूस बघितलं की हिचं डोकं फिरतं. मलाही तेच खरं वाटायचं. हळूहळू माणसं यायची थांबली. कोण येणार? हळदीकुंकवाला कुणी येईना, संक्रांतीचे तिळगूळ बायका गल्लीच्या तोंडाशीच माझ्या हातावर ठेवायच्या. मीही तिला सोडून कुठं जायची नाही. शेडवर, नदीवर, रेशनला, जाईन तिथं हात धरून नेत होते. एकदा तिला न सांगता मागच्या दारानं गेले, तर मला हुडकत ती विहिरीपर्यंत पोचली होती. त्यानंतर तेही बंद केलं.

वन्संच्या रागाचं मूळही तिथंच होतं. मागच्या खेपेला त्या राहून गेल्या आणि त्यांच्यामागं छबू दोन दिवस उपाशी उंबऱ्यावर बसली. ही गोष्ट कुणीतरी त्यांच्या गावापर्यंत पोचवली. सख्ख्या भावाच्या पोरीला माझं येणं बाधतं, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. आता आल्या त्यासुद्धा छबूच्या बापानं चारदा निरोप धाडल्यावर.

घरात शिरल्यावर त्या छबूपासून हातभर लांब बसल्या. छबूपुढं सूप होतं. शेडच्या मालकानं एक पोतं घरी निवडायला दिलं होतं, त्यातल्या काड्या ती वेचून काढत होती.

"वळखलंस का मला?" वन्संनी विचारलं.

छबूनं त्यांच्या पदराकडं एकदा बघितलं आणि काडी बाजूला टाकली.

"न्हाई वळखलं. बरं झालं. वळखलं असतं तर चावली असती."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मला रक्त तपासायला मिरजेला जायचं होतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मोठ्या जाण्याआधी ही एक परीक्षाच होईल, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मी छबूपुढं भाकरी ठेवली, डोक्यावरून हात फिरवला, "येते हं," म्हटलं आणि निघाले.

संध्याकाळी गल्लीत वळले तेव्हाच कळलं. छबू उंबऱ्यावर होती. झगा ओला, मनगटावर दातांचे वण. मला बघितल्याबरोबर ती उठली, आत गेली आणि सकाळची वाळलेली भाकरी खायला बसली. वन्सं चुलीपाशी होत्या. दंडाला हळद लावलेली.

"दिवसभर धोंडा झाली होती," त्या म्हणाल्या. "हलवाय गेले तर ही बक्षिसी."

"दाखवा बघू."

"राहू दे. तुझ्या रक्ताचं काय म्हणाले?"

"कमी हाय म्हणाले. एक बाटली चढवावी लागंल."

"माझं घे म्हणावं. नाहीतरी सांडलंच हाय."

त्या चेष्टेनं बोलल्या, पण आवाज थकलेला होता. एका दिवसात त्यांची ही दशा. मग आठ-दहा दिवसांत काय होणार, हे दोघींच्याही मनात आलं आणि दोघींनीही बोलून दाखवलं नाही. मी आडवी झाले. झोप लागण्याइतकंही बळ अंगात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता वन्संनी विषय काढला.

"ऐक. मी एक सांगती, रागावू नको. तू गेलीस की मी तिला मधल्या खांबाला बांधीन."

मी चुलीत काटकी सरकवली.

"जुन्या लुगड्यानं बांधीन. मऊ असतं. वळ उठायचा न्हाई. येळेवर खायला घालीन, धुईन, पुशीन. पण मोकळी न्हाई ठेवणार. माझं वय न्हाई आता तिच्याशी झोंबायचं."

"जनावर हाय का ती, वन्सं?"

"जनावराला दावं लावतात ते त्याच्याच भल्यासाठी लावतात."

"बांधायचं असंल तर मी जात न्हाई दवाखान्यात."

"मग मर."

त्यांच्या तोंडून ते निघालं आणि त्यांचा थापायचा हात थांबला.  तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास सुटला, तरी कुणी उलथली नाही. मग त्या उठल्या, पिठाचे हात पदराला पुसले आणि बोचकं बांधायला लागल्या.

"सुना घरात असताना मी इथं येऊन माझा दंड फोडून घेतला. वर मी तिला जनावर म्हणाले म्हणून ऐकून घ्यायचं. तुझी पोरगी, तुझं पोट, तूच बघ. जाते मी."

मी सवयीनं बोलून गेले, "वन्सं, असं म्हणू नका. येते म्हणा."

"का म्हणू? यायचंच नसंल तर येते कशाला म्हणू? जाते. परत या दारात यायची न्हाई."

निघताना जाते म्हणायचं नाही, हे आम्हाला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. कितीही भांडण झालं तरी बाई दारातून पाय काढताना येते म्हणून काढते. माझ्या घरातून असा शब्द टाकून कुणी बाहेर पडलं नव्हतं. वन्सं उंबरा ओलांडून गेल्या. कळशीही नेली.

मी छबूकडं बघितलं. आता ही उठणार, उंबऱ्यावर बसणार, आणि आज मला तिच्याशेजारी बसायचंही त्राण नव्हतं. मी भिंतीला टेकले आणि वाट बघत राहिले.

छबू उठली. चुलीपाशी गेली, टोपल्यातली चांगली भाकरी ओढून काढली, आपल्या ताटात ठेवली आणि जेवायला बसली.

मला वाटलं, वन्सं गेल्या म्हणून हिला बरं वाटलं. मनात आलं, मग खरंच हिला माणूस खपत नाही. भांडी घासायची राहिली होती, मी ती घासायला घेतली. तेवढ्यात शेजारची गोदाक्का चाळण परत द्यायला आली. ती आत येत नसे. दारातूनच चाळण पुढं केली, भांडणाचा आवाज ऐकलेला असल्यामुळं दोन शब्द इकडचे तिकडचे बोलली आणि म्हणाली, "येते गं अनसा."

छबूनं हातातली भाकरी खाली ठेवली. उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. गोदाक्का गेली त्या बाजूला तोंड करून.

माझ्या हातात राखेनं भरलेलं पातेलं होतं. मी ते तसंच धरून उभी राहिले. डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं. सासूबाई गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, दिवसभर माणसं येत होती आणि उठून जात होती, आणि छबू कोपऱ्यात गुमान बसली होती. घाबरली असेल, असं आम्ही तेव्हा म्हटलं. पण मयताच्या घरातून उठताना कुणी येतो म्हणत नाही. नुसतं उठायचं आणि चालायला लागायचं.

"गोदाक्का," मी हाक मारली. "जरा परत ये."

"का गं?"

"ये तर."

गोदाक्का परत दारात आली. छबू उठली, आत गेली, ताटापाशी बसली आणि खाली ठेवलेली भाकरी उचलली.

मी पातेलं टाकलं, छबूला भाकरीसकट उठवलं, तिचा हात धरला आणि वडापच्या थांब्याकडं निघाले. पोट हातानं दाबून धरलं होतं.

वडापची जीप माणसं कोंबून भरल्याशिवाय हलत नाही, तेवढं बरं होतं. वन्सं पुढच्या शीटवर मांडीवर बोचकं घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड दुसरीकडं केलं.

"वन्सं, उतरा. छबू जेवली."

"मग? मी काय तिचं जेवण बोचक्यात बांधून आणलं होतं?"

"तुम्ही जाते म्हणालात म्हणून जेवली."

"अनसा, तुझं पोट दुखतंय का डोकं?"

"ऐका माझं. येते म्हटलं की ती बसती. आपण येते म्हणतो आणि येत न्हाई. ती आपली वाट बघत बसती. माणूस खपत न्हाई असं न्हाई, वन्सं. ती परत्येकाची वाट बघती."

वन्संनी माझ्याकडं बघितलं, मग छबूकडं. छबू भाकरी चावत होती.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बसायचं तर बसा, उतरायचं तर उतरा. शीट अडवून कीर्तन नको."

"गप रे. तुझं शीट काय सोन्याचं हाय?" असं म्हणत वन्सं उतरल्या. त्या उतरल्यावर त्या जागी दोघं बसले आणि जीप भरली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि निघता निघता काच खाली करून हसत ओरडला, "येतो मावशी, राग नसावा."

छबू खाली बसली. तिथंच, रस्त्याच्या कडेला, फुफाट्यात. जीप गेली त्या बाजूला तोंड करून.

   वन्संनी बोचकं खाली ठेवलं.

"म्हणजे मागल्या खेपेला..."

"व्हय. तुमचीच वाट बघत होती. दोन दिवस."

"आणि मी सहा वर्सं हिच्यावर रुसून बसले."

त्या छबूच्या शेजारी फुफाट्यात बसल्या. मीही टेकले. ऊन चढत गेलं. येणारे जाणारे बघत होते, एकानं विचारलंसुद्धा, "काय झालं, कुणी मेलं का?" वन्संनी त्याला सांगितलं, "न्हाई बाबा, पावण्याची वाट बघतोय." कळशीतलं आपल्या गावचं पाणी त्यांनी छबूला पाजलं. मला दिलं. दुपार कलली तेव्हा जीप तासगावाहून परत आली. ड्रायव्हर खाली उतरला, छबूनं त्याच्या पायांकडं बघितलं, उठली आणि घराच्या वाटेला लागली.

त्यानंतर वन्संनी घरात तो शब्द सुरू केला. देवळात निघाल्या की छबूपुढं उभ्या राहून स्पष्ट म्हणायच्या, "जाते." नदीला निघाल्या की, "जाते." छबू मान वर करायची नाही. परत आल्या की वन्सं म्हणायच्या, "बघ, खोटी पडले. आले की परत." गोदाक्काला ते ऐकवायचं नाही. ती कानावर हात ठेवायची. "आजारी बाईच्या घरात असलं बोलणं," म्हणायची. मी सांगून बघितलं, तूही म्हण. ती म्हणाली, "अनसा, तू दवाखान्यात निघालेली. माझ्या जिभेला ते पाप नको." आणि मुकाट्यानं निघून जायला लागली. तेही चाललं.

पुढं कितीतरी वर्षांनी सांगलीच्या शाळेतल्या बाईंनी मला समजावून सांगितलं की अशा मुलांना शब्द जसा कानावर पडला तसाच कळतो, त्याच्या पाठीमागचं कळत नाही. त्यांनी चित्रांचे पुठ्ठे दिले. घराचं चित्र, मोटारीचं चित्र, उगवणारा सूर्य. त्यावरून छबूला जाणंही सांगता यायला लागलं आणि परत येणंही. त्याच पुठ्ठ्यांखालची अक्षरं गिरवत मी लिहायला शिकले. पण ते सगळं पुढं. त्या वर्षी आमच्याजवळ पुठ्ठे नव्हते. एक शब्द होता, आणि तोही जिभेवर घ्यायची भीती.

निघायच्या आदल्या दिवशी वन्सं माझी पिशवी भरत होत्या. लुगडी, तांब्या, फणी.

"मी म्हटलं ते निराळं," त्या म्हणाल्या. "मी पावणी. उद्या तुला म्हणायला लागंल."

"ठाऊक हाय."

"आणि परत येणार हाईस, हे तिला कसं सांगायचं?"

"सांगायचं न्हाई. त्यात यायचं नाव काढलं की ती बसणार. आठ दिवस उपाशी राहिली तर मी परत येऊन करू काय?"

"म्हणजे ती समजणार, आई गेली ती गेली."

"समजू दे."

वन्सं लुगड्याची घडी घालत होत्या. तीच घडी त्यांनी मोडली आणि परत घातली.

"आणि समज, खरंच काय कमीजास्त झालं..."

"तर तुम्हाला तिला वेगळं काय सांगायला लागायचं न्हाई," मी म्हटलं.

छबूचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी आले. बोअरच्या मालकाची जीप ड्रायव्हरसकट मागून आणली होती. अंगावर अजून दगडाची पांढरी भुकटी. बहिणीनं त्यांना सगळं आधीच कानावर घातलं, तसे ते तडक माझ्यापुढं आले.

"काय डोकं फिरलंय का तुम्हा दोघींचं? ऑपरेशनला निघालेली बाई. काहीतरी भलतं बोलायचं?"

"मग काय करू?"

"गपचूप चल. ती जेवाय बसली की निघू."

"मागं हिरीपर्यंत गेली होती ती."

"मग आजच्या दिवस म्हण की येते. अक्का बघून घेईल."

वन्सं मधे पडल्या. "ज्ञानबा, तू निघतोस तवा ही पोरगी काय करती, ते तुझ्या डोळ्यांनी कधी बघितलंस का? तुझी पाठ फिरली की तू गेलास. मागं बघायला ही असती. गप बस."

त्यांनी भरलेली पिशवी उचलली. खरं तर त्यांचा राग माझ्यावर नव्हता. 

मी छबूपुढं बसले. ती सुपातल्या काड्या वेचत होती. मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. जन्मात मी निघताना तो कधी उच्चारला नव्हता. माहेरी, सासरी, बाजारात, कुणाच्याही दारात. जीभ आपोआप 'ये'वर जात होती. मला वाटलं, म्हणून टाकावं येते, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे. निदान मी तिकडं पडलेली असताना इथं कुणीतरी माझ्या वाटेकडं बघत बसलेलं असेल.

माझ्यामागं वन्सं उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घाई करायला नाही, नुसता ठेवला.

"छबू," मी म्हटलं. "मी जाते."

तिचा हात सुपात थांबला. तिनं माझ्या पदराच्या काठाकडं बघितलं. काठ दोन बोटांत धरला, जरा चोळून बघितला, सोडला.

"जा," ती म्हणाली.

आणि पुन्हा काड्या वेचायला लागली.

मी उठले. उंबरा ओलांडताना तोल गेला, तेव्हा यांनी दंडाला धरलं. जीपमध्ये बसवलं, पायाशी पिशवी ठेवली. गाडी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं. मी बघितलं नाही.

"बसलीय का?" मी विचारलं.

"न्हाई. उंबऱ्यावर कुणी न्हाई. आतच हाय." मान पुढं वळवून ते म्हणाले, "अक्का तिला ताट वाढत असंल आता."

"व्हय. भाजी भाकरीला लागू देऊ नका म्हणून सांगितलंय मी."

"मग झालं की. व्हायला पायजे तसंच झालं सगळं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता रडतीस कशाला?"

"पोटात दुखतंय," मी म्हटलं.

त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, खड्ड्यातनं जरा हळू घे.